भरल्या ओटीनं

लातुरातल्या साड्यांच्या दुकानात मी सहा वर्षं काउंटरमागे उभी राहिले. नेमणुकीचं पत्र कधी मिळालं नाही. ते मागायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. मालक म्हणायचे, "आपलं घरच हाय हे. घरात कुठं कागद लागतोय?" आम्हा पंधरा-वीस जणांना ते ऐकून बरं वाटायचं. गोड बोलण्यालाच आम्ही पगारवाढ समजायचो.

मला सातवा महिना लागला तेव्हा मालकीणबाईंनी दुकानातच माझी ओटी भरली. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. हिरवी साडी, नारळ, गहू, केसांत गजरा. आलेल्या गिऱ्हाईक बायकांनीही हळदीकुंकू लावलं. अक्का म्हणाल्या, "आता निलंग्याला आईकडं जा. लेकराला बघ. कामाची काळजी करू नको." मला रडूच आलं. माझ्या सासूनंही एवढं केलं नव्हतं.

बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर मी परत गेले. माझ्या काउंटरला दुसरीच मुलगी साड्या उलगडून दाखवत होती. मी अक्कांकडं पाहिलं.

"अगं, तुझी तर ओटी भरून पाठवणी केली की आपण! सगळ्यांदेखत."

लेकीला सासरी धाडताना ओटी भरतात, तशी माझी भरली होती म्हणे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईवर घर चालत नव्हतं. मला माझी नोकरी परत हवी होती, बाकी काही नको होतं.

आमच्या गल्लीतली एक बाई औषधाच्या कंपनीत कामाला होती. ती म्हणाली, "दुकानात दहा माणसं असली की बाळंतपणाची पगारी रजा कायद्यानंच मिळती. अन् रजेवरच्या बाईला काढता येत न्हाई. तुला कुणी सांगितलंच न्हाई का?" कोण सांगणार? मला त्या नारळाचेच उपकार वाटत होते.

मी कामगार कार्यालयात अर्ज दिला. सुनावणीला मालक अगदी नरमाईनं बोलले, "आम्ही काढलं न्हाई मॅडम. ती तिच्या खुशीनं गेली." आणि त्यांनी मोबाइलमधला एक फोटो पुढं केला. अधिकारी बाईंनी तो नीट पाहिला, मग मोबाइल माझ्याकडं वळवला.

"ह्या तुम्हीच ना?"

पदरात नारळ, केसांत गजरा. इतकी तर मी लग्नातसुद्धा हसले नव्हते.

"हो," मी म्हणाले. "मीच."