धक्क्यावर नातं सांगायचं नाही

हमदुल्लामामूने आयुष्यात एकदाही व्हॉलीबॉलला हात लावला नव्हता, तरी आमच्या टीममध्ये कोणाला घ्यायचं हे फक्त त्यालाच कळतं असं आम्ही सगळे मानत होतो. मानत होतो म्हणजे मानावंच लागत होतं. आमचं जेवण त्याच्या हातात होतं.

ही चौसष्ट-पासष्ट सालातली गोष्ट. दुबईच्या खाडीच्या एका काठाला देरा, समोर बरदुबई, आणि मध्ये माणसं ने-आण करणाऱ्या होड्या. त्यांना अब्रा म्हणायचे. रत्नागिरीकडच्या आम्हा मुसलमान मंडळींच्या दोन मोठ्या खोल्या होत्या, एक या काठाला, एक त्या. मी देऱ्याच्या खोलीत राहायचो आणि एका शिपिंग एजंटकडे टायपिंग करायचो. हमदुल्लामामू आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. उमेदीची वर्षं त्याने बोटीवर खलाशांना जेवू घालण्यात काढली होती, आणि माणूस जेवताना जसा दिसतो तसाच तो खेळताना असतो, हे त्याचं शास्त्र होतं. 'जो माशाचा काटा न बघता घास घेतो, तो बॉल काय बघणार?' असं म्हणून त्याने एकदा चांगला धिप्पाड माणूस नापास केला होता. तो माणूस पुढे बरदुबईकडून आमच्याविरुद्ध तीन वर्षं खेळला आणि दर वेळी जिंकला. पण हे मामूसमोर बोलायची सोय नव्हती.

शुक्रवारी असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजनंतर दोन्ही खोल्यांचा सामना व्हायचा. मैदान म्हणजे खाडीमागची खारट, टणक जमीन. जाळं कोळ्यांनी टाकून दिलेलं. बॉल त्याला लागला की सुक्या माशांचा वास सुटायचा. खेळायला बाराजण, आणि भांडायला बाकीचे सगळे.

खरी चुरस मात्र मैदानात नसायची, धक्क्यावर असायची. मुंबईची बोट बाहेर समुद्रात थांबायची आणि लाँच माणसांना खाडीत आणून उतरवायची. आलेल्या नव्या माणसाला कोणत्या तरी खोलीने घ्यायचं, पथारी द्यायची, नोकरीला लावायचं, ही आमची जुनी रीत. घोटाळा असा की उंच, दणकट माणूस उतरला की दोन्ही खोल्यांचे लोक त्याचा एकेक हात धरून ओढायचे, आणि जो तो ओरडायचा, "अरे, हा माझा मावसभाऊ आहे!" ते खोटंही नसायचं. आमच्या सात-आठ गावांत कोण कोणाचा मावसभाऊ नाही? अशा एका ओढाओढीत एका माणसाचा सदरा फाटला आणि तो दुसऱ्याच बोटीने परत गेला, तेव्हा हमदुल्लामामूने कायदा केला. मागच्या शुक्रवारी जी टीम हरली तिने पहिला माणूस निवडायचा, मग दुसरीने, मग पुन्हा पहिलीने. एकही माणूस धक्क्यावर शिल्लक ठेवायचा नाही. आणि मुख्य कलम, धक्क्यावर नातं सांगायचं नाही. सांगितलं की पाळी गेली.

कायदा उत्तम चालला. नुसता चालला नाही, त्याने आम्हाला वेड लावलं. पुढच्या बोटीने कोण येतंय याच्या बातम्या गावाहून आधीच यायच्या, आणि आम्ही न पाहिलेल्या माणसांवरून ताटावर बसून भांडायचो. कोणाचे हात लांब, कोणाच्या बापाचे गुडघे कमजोर, कोण डावखुरा. त्या साली बाणकोटच्या खैरुद्दीनचं नाव निघालं तेव्हा आमच्या खोलीत कोणी धड जेवेना.

"मामू, सहा फूट दोन इंच! फर्स्ट क्लास स्मॅशर," आमचा कॅप्टन वली म्हणाला. वली एका बँकेत शिपाई होता, पण बोलायचा मॅनेजरसारखं. "उसका दादा नारियल निकालने को झाड पे नहीं चढता था. उभ्या उभ्या हात वर करायचा."

"झाड बुटकं असेल," मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

मामू कांदा चिरत होता. मला म्हणाला, "त्याच बोटीने माझा अजीज येतोय."

अजीज म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. मामू घरून निघाला तेव्हा तो लहान होता, आणि त्यानंतर सात वर्षांत मामूने त्याला पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. मामूचं तोंड मात्र उतरलेलं होतं. कारण मागचा सामना आम्ही हरलो होतो, म्हणजे पहिली पाळी आमची. पहिल्या पाळीला खैरुद्दीन घेतला नाही तर खोली मामूला जिवंत सोडणार नव्हती. आणि दुसरी पाळी बरदुबईचा कॅप्टन गनी याची. गनीने अजीजला उचललं तर मुलगा खाडीपलीकडे राहायला जाणार. शेजारच्या पथारीवर आपला मुलगा झोपावा एवढीच मामूची इच्छा होती, आणि ती त्याने स्वतःच कायद्यात बुडवली होती.

"तर मग कायदा मोड," मी म्हणालो. "सरळ सांग, मुलगा आहे."

"आणि तोंड कुठे दाखवू?" तो चिडला. "मी आयडिया केलीय. गनी दुसऱ्या पाळीला अजीजला हात लावणारच नाही, असं करतो. मग तिसऱ्या पाळीला तो आपलाच. खलास."

त्या दिवसापासून मामूने जाईल तिथे स्वतःच्या मुलाची निंदा सुरू केली. मासळीबाजारात, मशिदीच्या पायरीवर, अब्रात बसल्या बसल्या. अजीजला चार पावलांत दम लागतो. अजीज बॉल आला की डोळे मिटतो. अजीजच्या हातात ताट टिकत नाही, बॉल काय टिकणार? लोक अवाक होऊन ऐकायचे. कोकणात बाप मुलाला तोंडावर शिव्या देतो, पण पाठीमागे त्याची तारीफच करतो. इथे उलटंच चाललेलं.

आणि गनी हा गोदामाचा स्टोअरकीपर. ज्या पेटीवर 'काही नाही' लिहिलेलं असेल ती आधी उघडणारा माणूस. त्याने ऐकलं, दाढी खाजवली आणि आपल्या लोकांना सांगितलं, "हमदुल्ला जिसको इतना बुरा बोलता है, वो हिरा आहे. त्याला लपवतोय तो."

बोट आली. आम्ही सगळे धक्क्यावर. लाँचमधून आधी खैरुद्दीन उतरला. खरंच उंच होता, त्यामुळे आमचे लोक ओरडायलाच लागले. त्याच्यामागून एक सडपातळ, नुकती मिसरूड फुटलेला मुलगा आला, डोक्यावर पत्र्याची पेटी. मामूने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की माझं घड्याळ बंद पडलं.

नवे लोक रांगेत उभे राहिले. एवढ्यात वलीला अक्कल पाजळायची लहर आली. तो अजीजजवळ जाऊन म्हणाला, "हबीबी, तूच का तो? दम लागणारा? बॉल आला की डोळे मिटणारा?"

"कोणी सांगितलं?" अजीजने विचारलं.

"हमदुल्लामामू ही तो बोलता है. सगळ्या दुबईला माहीत आहे."

मुलाने मामूकडे पाहिलं. सात वर्षांनी बापाला तो पहिल्यांदा पाहत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वलीला खाडीत ढकलावंसं वाटलं. मामूचे ओठ हलले. पण निवड व्हायची होती, कायदा लागू होता, आणि मागून पंचवीसजण "खैरुद्दीन! खैरुद्दीन!" ओरडत होते. मामू म्हणाला, "खैरुद्दीन."

"अजीज," गनी तत्काळ म्हणाला, आणि त्याची पेटी स्वतः उचलून अब्राकडे चालू लागला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही जिंकलो. खैरुद्दीन जाळ्यावर हात आणून नुसता खाली दाबायचा आणि बॉल जमिनीत रुतायचा. मामूची निवड अचूक ठरली होती. आमचे लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले तेव्हा तो तिथे नव्हता. तो बरदुबईच्या बाजूच्या रेषेवर जाऊन उभा होता.

कारण अजीज खेळत होता, आणि मामूने केलेल्या निंदेतला शब्द न् शब्द खरा होता. त्याला दम लागत होता. बॉल आला की तो डोळे मिटत होता. त्याची सर्व्हिस जाळ्यापर्यंतही गेली नाही, तेव्हा आमचे लोक हसले आणि मामूनेच शिकवलेले शब्द ओरडू लागले. मामू गर्रकन वळला. "हसता काय, नालायकांनो? माझ्या हातचं खाता आणि माझ्या पोराला हसता?" मग मैदानाकडे वळून, "शाब्बास अजीज! पुढची जाईल, इन्शाल्ला!" पुढचीही गेली नाही. त्या संध्याकाळी कालवणात मीठ नव्हतं, आणि कोणी बोललं नाही.

गनीची मात्र खात्री ढळली नाही. मुलगा अजून आपला खेळ लपवतोय असंच तो धरून चालला. त्याने अजीजला गोदामात कामाला लावलं आणि रोज संध्याकाळी पाठीवर थाप मारून म्हणायचा, "कल दिखाएगा तू." महिने गेले. तिकडे गावी शहरबानूमामीला हे सगळं कळलं. आमच्या लोकांना पोस्टाची गरज नव्हती, बोटीवरचा प्रत्येक माणूस चालतंबोलतं पत्र होता. तिने एका माणसाकरवी निरोप पाठवला, 'मी मुलगा पाठवला होता, बोकड नाही. ज्याला पाठवला त्याच्या घरात तो का नाही?'

निरोप ऐकून मामू मला घेऊन पलीकडे गेला. गनीला म्हणाला, खैरुद्दीन घे, माझा अजीज दे. आमच्या खोलीला हे कळलं असतं तर तिथेच दंगल झाली असती. गनी म्हणाला, "मुलाला विचार."

अजीज चहाचे पेले धूत होता. तो म्हणाला, "मी इथेच बरा आहे, अब्बा."

"का रे?"

"मला खेळता येत नाही हे खरं आहे. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर मला सात वर्षं पाहिलंच नव्हतं." पेला उपडा ठेवून तो म्हणाला, "इथे गनीचाचा रोज म्हणतात, उद्या खेळशील."

मामूने सांगण्याचा प्रयत्न केला की ती निंदा नव्हती, डाव होता, तुझ्यासाठीच होता. पण असली गोष्ट सांगायला लागलो की ती किती मूर्खपणाची होती तेवढंच कळतं. परत येताना अब्रात तो रडला. मी पाण्याकडे बघत बसलो.

मग पुढची बोट आली. मागच्या शुक्रवारीही आम्हीच जिंकलो होतो, म्हणजे पहिली पाळी बरदुबईची. लाँचमधून चारजण उतरले आणि रांगेत उभे राहिले. आम्ही मोजले तर पाच भरले. पाचवा हमदुल्लामामू होता. वळकटी काखेत, पेटी पायाशी, कढई आणि डाव वर बांधलेला.

"मामू, हे काय?" वली किंचाळला. "तू देऱ्याचा आहेस!"

"कायद्यात कुठे आहे की जुना माणूस रांगेत उभा राहू शकत नाही?" मामू म्हणाला. कायदा त्याचाच होता.

चार नवे वाटले गेले. पुन्हा पाळी गनीची आणि शिल्लक एकटा मामू. बरदुबईवाले त्याच्याभोवती फिरून त्याला बघू लागले. पोट सुटलंय. गुडघे वाजतात. रात्री घोरतो म्हणे. मामू खाली मान घालून ऐकत होता. दुसऱ्यांच्या मुलांना त्याने इतकी वर्षं असंच तपासलं होतं.

गनी म्हणाला, "अजीज, तू बोल. घ्यायचा का याला? खेळता तर येत नाही."

अजीजने पेटीवर बांधलेल्या कढईकडे पाहिलं. मग म्हणाला, "येत नाही खेळता. पण माझा बाप आहे. घ्या त्याला."

"नातं सांगितलं!" मोठ्याने आवाज आला. "पाळी गेली!"

ओरडणारा हमदुल्लामामूच होता. सवय. शब्द तोंडातून निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड धरलं.

आता पाळी आमची. मामू कायद्याने पुन्हा आमचा होत होता. वलीने आमच्याकडे पाहिलं. आम्हाला सुरमईचं कालवण दिसत होतं, तांदळाची भाकरी दिसत होती, आणि मामू गेल्यावर चुलीशी बसून भात करपवणारा खैरुद्दीनही दिसत होता. मागून कोणी तरी म्हणालं, "वली, सोडू नकोस, मरू आपण." वलीने घसा साफ केला. इतक्या वर्षांत मी त्याला मॅनेजरसारखं नव्हे, माणसासारखं बोलताना तेव्हाच ऐकलं.

"हा आमचा मामू आहे," तो म्हणाला. "आम्हा पंचवीसजणांचा सख्खा मामू. नातं सांगितलं, आमचीही पाळी गेली. यल्ला, चला, गनीभाय, तुम्ही बोला."

"हमदुल्ला," गनी म्हणाला. अजीजने पुढे होऊन बापाची पेटी डोक्यावर घेतली.