चेनचं वंगण आणि माझं बोट

मोटारसायकलच्या चेनला कोणतं वंगण लावायचं, हे ठरवायला माझ्या नवऱ्याने तीन आठवडे घेतले. मला पसंत करायला त्याला एक कप चहा पुरला होता. कच्च्या रस्त्यांवर चालवायची त्याची ती उंच गाडी दर रविवारी चितेगावच्या पुढे कुठल्यातरी मुरमाड टेकडीवर जाते आणि धुळीने माखून परत येते. त्या तीन आठवड्यांत मला पोळ्या लाटतानाही सुटका नव्हती. जळकं ऑइल नको, चेन काळीकुट्ट होते. ग्रीसला धूळ चिकटते आणि तो चिखल चेन खात बसतो. गिअर ऑइल पावसाळ्यात ठीक. आपल्याकडच्या कोरड्या फुफाट्याला मेणाचा स्प्रेच हवा, कारण तो सुकतो. इतका कीस त्याने पोरीच्या शाळेचाही पाडला नव्हता.

लावायची रीतही त्याला तोंडपाठ. मागचं चाक स्टँडवर उचलायचं, इंजिन बंद ठेवायचं. रॉकेल आणि जुन्या ब्रशने चेन धुवायची, कोरडी करायची, मग चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने स्प्रे मारायचा. जरा सुकू द्यायचं आणि जास्तीचं फडक्याने पुसायचं. त्या दिवशी मात्र मित्र फर्दापूरला निघायच्या तयारीत होते आणि त्यांचे फोनवर फोन येत होते. चाक हाताने फिरवण्याइतकाही धीर साहेबांना नव्हता. त्याने इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि मला म्हणाला, "तू फक्त फडकं धर."

मी धरलं. चेनने फडकं मागच्या दातेरी चक्रात ओढलं आणि फडक्याबरोबर माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आत गेलं. मधल्या पेराच्या पुढचं डॉक्टरांना काही वाचवता आलं नाही. मी शाळेत गणित शिकवते. आता खडू अंगठा आणि मधल्या बोटात धरते, आणि माझा एक कोणता नि नऊ कोणता हे मुलं मलाच विचारतात.

दवाखान्यात माझ्या बाबांचा फोन आला तेव्हा नवरा म्हणाला, "दारात सापडलं बोट." मी समोरच पडले होते, पूर्ण शुद्धीत होते आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला आजही त्याच्याइतकाच स्वतःचा राग येतो. दुसऱ्या दिवशी बाबा गावाहून एसटीने आले. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि रबराचे ठोकळे होते. घरातल्या एकूण एक दाराला त्यांनी ते बसवले. "आता नाय सापडायचं कुणाचं," म्हणाले. ते चढले होते ते स्टूल नवऱ्याने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. निर्लज्जपणाची हद्द झाली. मी मोरीत जाऊन रडले.

गेल्या रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये त्याने नव्याने गाडी घेतलेल्या चार-पाच जणांना बोलावलं होतं, चेन कशी राखावी हे शिकवायला. गॅलरीतून मला त्याचं मेणपुराण ऐकू येत होतं. मग इंजिनचा आवाज आला. वाकून बघते तर एकाची गाडी स्टँडवर, मागचं चाक गरगर फिरतंय आणि त्याची बायको फडकं घेऊन खाली बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अनवाणीच जिना उतरले.

"बंद कर आधी ते!" मी ओरडले. त्या माणसाने घाबरून किल्ली फिरवली. मी हात त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ काय होतं ते."

"पण वहिनी, तुमचं तर दारात सापडलं होतं ना?"

म्हणजे ते दार गावभर फिरून आलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो स्प्रेचा डबा वाचत उभा राहिला, जसं काही त्यावर उत्तर छापलंय.

"सांग," मी म्हणाले.

त्याने डबा खाली ठेवला. मग तो म्हणाला, "दारात नाही. इंजिन मी चालू ठेवलं होतं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की राग उतरेल. कुठला उतरतोय! मी तिथेच बाबांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या हातात दिला. "संध्याकाळी सांगतो ना," तो पुटपुटला. "आत्ता," मी म्हणाले. त्याने सांगितलं. गाडी, गिअर, घाई, चाक हाताने फिरवायचं असतं हे माहीत होतं तेही, सगळं.

बाबा आरडाओरडा करतील असं मला वाटलं. त्यांनी मात्र अगदी हळू आवाजात विचारलं, "व्हय जावईबापू, पण एवढं सगळं ठाऊक होतं तर फडकं तिच्या हातात का दिलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही उत्तराचीच वाट बघत होते.