गाडीच्या नाकाला तेल

अक्का मंगळवारी गेली. सकाळी ती शेतातून घरी आली, पाणी प्यायली आणि खाटेवर बसली. चहा ठेवू का, असे आईने विचारले. तिने उत्तर दिले नाही. शेजाऱ्यांनी मला धुळ्याला फोन केला. मी एस.टी.ने गावी पोचलो तेव्हा गाडी अंगणात होती आणि किल्ली गाडीलाच होती.

अक्का माझी थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि शिंदखेड्याकडची आमची शेती तिने हळूहळू आपल्या हातात घेतली. वडील थकले तसा ट्रॅक्टरही तिच्याकडे आला. मी धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. यंत्रे तिची आणि कागद माझा, अशी आमच्यात एक वाटणी होती. ती कुणी केलेली नव्हती, पण दोघांनीही कधी मोडली नाही.

जुनी पेट्रोल गाडी घरात आली ती आईच्या डोळ्यांमुळे. दर महिन्याला तिला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला धुळ्याला न्यावे लागे, आणि गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी तिला चढवत नव्हती. अक्का तिला पुढच्या सीटवर बसवून आणायची, माझ्याकडे जेवण करून दोघी दुपारनंतर परत जायच्या. मुक्कामाला आई कधी राहिली नाही. माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. आई एकदा बराच वेळ त्या टाकीकडे बघत बसली आणि मग अक्काला म्हणाली, "चाल माय, आपलं गाव बरं."

अक्काची एक सवय मला आता रोज आठवते. आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या तळाशी एक वाटी आहे. त्या वाटीत तेल असते. बाहेरची हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते आणि हवा तेवढी पुढे इंजिनात जाते. अक्का ह्या सगळ्या भागाला नाक म्हणायची. मळणीच्या दिवसांत ती संध्याकाळी वाटी उघडून काळा चिखल झालेले तेल ओतून द्यायची, वाटी रॉकेलने धुवायची आणि लांब चोचीच्या कुप्पीतून नवे तेल भरायची. "नाक साफ तर जनावर निरोगी," असे काहीसे ती पुटपुटायची. बैल विकून ट्रॅक्टर घेतला तरी तिच्या बोलण्यातून बैल गेले नव्हते.

गाडी आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात तिचेही नाक शोधून काढले. बॉनेटखाली प्लास्टिकची एक पेटी असते. तिच्यात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर असतो. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत तो पांढऱ्या तुसाने भरतो, पुढे ज्वारीचा भुसा आणि रस्त्याची धूळ. अक्का फिल्टर काढून ओट्याच्या कडेवर हलकेच आपटायची. इथवर ठीक होते. मग ती कुप्पी आणायची, चिंधीवर तेल घ्यायची आणि कागदाच्या घड्यांवरून फिरवायची.

मी गाडीबरोबर मिळालेले पुस्तक वाचले होते. कागदी फिल्टर कोरडा ठेवायचा, खराब झाला की बदलायचा, असे त्यात स्पष्ट होते. मी तिला ते वाचून दाखवले.

"तेल नई तर धूळ कसाले चिकटी?" ती म्हणाली.

"कागदलेच चिकटस, अक्का. हाऊ ट्रॅक्टर नई शे."

"भाऊ, तू आठे बस आनि ते पुस्तक वाच. तुन्ही गाडी पुस्तकमा चालस, मन्ही रस्तावर चालस."

आई ओट्यावर शेंगा सोलत होती. ती हसली. मीही हसलो आणि पुस्तक परत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले.

अक्कानंतर शेत वाट्याने दिले. गाडी माझ्याकडे आली. परवाना माझ्याकडे होता, सराव नव्हता, पण एकट्या आईकडे दर आठवड्याला जायचे म्हटल्यावर तो झाला. घरची झाडलोट आणि भाकरी शेजारच्या बाई करून देत. इंजेक्शनच्या दिवशी आईला आणणे-नेणे माझ्याकडे आले.

गाडी पूर्वीसारखी चालत नव्हती. सकाळी चालू करताना पेडल दाबून धरावे लागे. उभी असली की इंजिनाचा आवाज खाली जायचा, वर यायचा, आणि कधी कधी खाली जाऊन तिथेच थांबायचा. मला वाटायचे, माझ्या हाताला ती ओळखत नाही. निवृत्त माणसाने असे काही वाटून घेऊ नये, पण वाटायचे.

"गाडीले खोकला व्हयना वाटस," आई म्हणाली.

एका इंजेक्शनच्या दिवशी सोनगीरच्या फाट्यावर वळायला थांबलो आणि गाडी बंद पडली. मागे ट्रक होता. तो हॉर्न वाजवत राहिला. मी किल्ली फिरवत राहिलो. आईने दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरला होता. शेवटी ट्रकचा क्लीनर उतरला, चहाच्या टपरीवरचे दोघे आले आणि सगळ्यांनी मिळून गाडी कडेला ढकलली. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बाबा, गाडी दमली, तुम्ही बी दमले. दोन्हीस्ले घरी बसाडा." तो चेष्टेत बोलला होता. थोड्या वेळाने गाडी चालू झाली. अंगणात उतरल्यावर म्हणाली, "आते मी नई बसस ह्या गाडीमा. अक्का व्हती तवय ती बंद पडे का?"

मग मी तिला सांगितले की गाडीचा भरवसा नसेल तर तिला धुळ्यालाच राहावे लागेल. डोळा सोडून चालणार नाही. ती नाही म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तर तिने भिंतीवरचा अक्काचा फोटो उतरवून ठेवला होता. एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तो नीट बांधलेला होता. खाटेखाली तिची पिशवी होती. खिळा भिंतीत तसाच होता. मी त्या खिळ्याकडे पाहिले आणि गाडी घेऊन सरळ गॅरेजवर गेलो.

धुळ्यात साक्री रोडवरच्या ह्या गॅरेजवाल्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी पेटीचे झाकण उघडले, फिल्टर दोन बोटांनी उचलला आणि वास घेतला.

"सर, गाडीले कोनी तेल पाजं?"

त्यांनी फिल्टर उलटा करून पाहिला.

"घरमा ट्रॅक्टरवाला शे का कोनी? पाहुनास्ना एक गाडीले बी असंच करेल व्हतं. जुना ट्रॅक्टरवाला समदा असाच."

"होती," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी फिल्टर फेकला नाही, बाकावर कागद पसरून त्यावर ठेवला.

त्यांनी मला दाखवले ते असे. फिल्टरपासून एक जाड नळी इंजिनाकडे जाते. नळीच्या शेवटी धातूचा एक गोल पडदा असतो. आपण पेडल दाबले की तो उघडतो आणि हवा आत जाते. ह्यालाच थ्रॉटल म्हणतात. पाय काढला की पडदा मिटतो, पण कडेने बारीक फट राहते, आणि उभ्या गाडीचे इंजिन त्या फटीतून येणाऱ्या हवेवर चालू राहते. आमच्या गाडीत कागदाचे तेल हवेबरोबर पुढे जाऊन, त्यात धूळ मिसळून, त्या कडेवर काजळीसारखे बसले होते. फट बुजत आली होती. अक्काचे प्रेम तिथपर्यंत पोचले होते, असे मी तेव्हा मनात म्हटले आणि मला त्या वाक्याची लाज वाटली, कारण ते मी कुठल्याही पुस्तकात वाचले असते तर पान उलटले असते.

आबांनी नळी सोडली, क्लीनरचा फवारा कापडावर घेतला आणि पडद्याची कड पुसायला लागले. पडद्याला बोटाने ढकलायचे नाही, आत मोटर असते, एवढे त्यांनी मला दोनदा बजावले. कापड काळे होत गेले. धातू पिवळट दिसू लागला. हवा मोजणारा बारीक सेन्सर त्यांनी वेगळ्या फवाऱ्याने धुतला. मग ते पेटीच्या झाकणाकडे वळले.

झाकणाच्या आतल्या बाजूला तेलकट बोटांचे ठसे होते. चार बोटे एका रांगेत, झाकण बसवताना हात टेकतो तशी. त्यांवर धूळ बसून ते उठून दिसत होते.

"झाकण राहू द्या आबा," मी म्हणालो.

"तसंच ठेवं तर ती धूळ नव्या फिल्टरवर जाई, सर."

ते खरे होते. मला लुगड्यात बांधलेला फोटो आठवला. गाडी नीट राहिली तर तो फोटो पुन्हा खिळ्यावर जाणार होता, आणि आई त्याच्यासमोर, आपल्या घरात. मी आबांच्या हातातले कापड मागून घेतले. त्यांनी दिले आणि पाना शोधायच्या निमित्ताने ते दुसरीकडे गेले. मी झाकण पुसले. एका पुसण्यात ठसे जात नाहीत. तेल जुने होते.

नवा कोरडा फिल्टर बसवून गाडी चालू केली तर इंजिन भलतेच जोरात धावू लागले. मी घाबरलो. आबा म्हणाले, घाबरू नका, फट बुजलेली असताना गाडीच्या कॉम्प्युटरने पडदा जरा जास्त उघडा ठेवायची सवय लावून घेतली आहे. आता रस्ता मोकळा झाला हे त्याला कळायला वेळ लागेल. तोवर चालू राहू द्या, जरा फिरवा. मी गाडी साक्रीच्या दिशेने नेली आणि कुसुंब्याहून परत फिरलो. येताना आवाज खाली आला आणि तिथेच स्थिर राहिला.

आईला पुन्हा बसवायला काही आठवडे गेले. मी अंगणात गाडी चालू करून तशीच उभी ठेवायचो आणि तिच्याजवळ ओट्यावर बसायचो. ती कान देऊन ऐकायची. एकदा तिने विचारले, "नाकले तेल टाकं का?"

हो म्हणणे सोपे होते.

"ह्या नाकले तेल लागस नई, आई. तेलमुळेच खोकला व्हयना व्हता."

गाडी समोर चालू होती.

"मंग तिले कोनी सांगं नई?"

"सांगं व्हतं. मीच सांगं व्हतं."

"मंग?"

"ऐकं नई तिनी."

"ती कोनं ऐके?" आई म्हणाली आणि हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "चाल, एक चक्कर मार. मी बसस."

आम्ही चिमठाण्यापर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर तिने खाटेखालची पिशवी रिकामी केली.

आता आई गावी राहते. अक्काचा फोटो खिळ्यावर आहे. वेचणीच्या दिवसांत मी फिल्टर काढून ओट्याच्या कडेवर आपटतो, आणि थ्रॉटलची कड फवारा कापडावर घेऊन पुसतो. कुप्पी खिडकीत आहे. तिच्यातले तेल मी दाराच्या बिजागऱ्यांना घालतो. तळाला थोडे उरले आहे.