आधी खोट दाखवणारा

माझ्या आतेभावाइतका प्रामाणिक माणूस उभ्या कर्जत-खालापुरात झाला नाही, आणि त्या प्रामाणिकपणापायी आमच्याइतका छळही कुणाचा झाला नसेल. दुरुस्त केलेला रेडिओ परत देताना तो किती छान वाजतो हे सांगायचं सोडून कुठे खरखरेल तेवढंच हा सांगे. कुंभिवलीला मुलगी पाहायला गेला, तर पोहे येण्याआधीच म्हणाला, "मी घोरतो." पोहे आले, मुलगी बाहेर आली नाही.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराची रडार यंत्रं दुरुस्त करून परतल्यावर त्याने कर्जत स्टेशनमागच्या खोलीत टेलिव्हिजन तपासायचं यंत्र बांधायला घेतलं. देशात टेलिव्हिजनच नव्हता, ही त्याच्या लेखी किरकोळ बाब होती. चित्राच्या लहरीतूनच प्रत्येक रेघ कधी सुरू करायची याचे इशारे येतात. ते वेगळे काढले नाहीत तर चित्र सैरावैरा धावतं. हे तो आत्याला समजावी, "आये, खाचरात पाणी भरलं की रोपं बुडत्यात, उंच खुंट तेवढं वर दिसत्यात. रोपं म्हंजे चित्र, खुंट म्हंजे इशारा. हा काचेचा दिवा, व्हॉल्व्ह, फकस्त खुंट बघतो." आत्या विचारी, "मग कापणी कधी रं?"

मुंबईच्या एका कंपनीतल्या साहेबांना मीच खटपट करून बोलावलं. यंत्र पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर गपगुमान कचेरीत कारकुनी, असं आत्याने बजावलं होतं. यंत्राने स्वतःच तयार केलेले काळे-पांढरे पट्टे पडद्यावर खिळल्यासारखे उभे राहिले. साहेब खुशीत उठले, तोच हा म्हणाला, "थांबा साहेब. आता घाटाची गाडी सुटेल. विजेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी पाणी एकदम चढतं आणि खुंटही बुडतात. ते बघून जा." गाडी सुटली, पट्टे कोलमडले. साहेब गेले ते गेलेच.

मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. तो मुकाट्याने कचेरीत जाऊ लागला. मग एका रविवारी त्याने आम्हाला यंत्रापुढे बसवलं. ठिणग्यांचे उंच झटके आधीच छाटणारा दुसरा व्हॉल्व्ह त्याने जोडला होता. गाडी धडधडत गेली. पट्टे तसूभर हलले नाहीत.

"हाललं नाय रं!" आत्या ओरडली. बघायला साहेब नव्हते, आम्ही दोघंच होतो.

"आजच साहेबांना लिहितो," मी म्हणालो.

"लिव. पण यंत्र तापलं की पट्टे वरच्या टोकाला जरा वाकत्यात, ते पयलं लिव."

मी चडफडलो, आणि पहिल्या ओळीत तेच लिहिलं. उत्तर आलं नाही. तरी त्या पत्राखाली माझी सही होती, याचा मला अजून अभिमान वाटतो.