दुपारी उघडं दुकान

दुपारी एक वाजला की नारायण पेठेचा पडदा पडतो. शटरं खाली येतात, पंखे सुरू होतात आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी चार वाजेपर्यंत पेठ त्याला ओळख देत नाही. गेले दहा महिने मात्र या रिकाम्या रंगमंचावर एक दिवा जळत राहतो. उत्तरेश्वररावांच्या बाइंडिंगच्या दुकानातला.

शेजारचे कागदवाले कासिमभाई कुलूप लावता लावता म्हणतात, "अहो, दुपारी दुकान उघडं! पेठेची अब्रू घालवायला निघालात काय?"

"काम पडलंय."

"सोमवारपासून तीच वही शिवताय."

उत्तरेश्वरराव हसल्यासारखं करतात आणि दाभण उचलतात. कासिमभाई शहाणे. पुढे विचारत नाहीत.

खरं असं, की दुपार ही त्यांची आणि कौशल्याबाईंची होती. बार्शीहून आलेल्या या माणसाचा संसार दोन खोल्यांत मांडला गेला. त्यातच आई, दोन धाकटे भाऊ आणि पुढे मुलगा आमोद. रात्री कूस बदलली तरी सगळ्यांना कळायचं. दुपारी मात्र आई देवळात, भाऊ कामावर, आमोद शाळेत. एक ते चार दाराला आतून कडी. पुढे खोल्या वाढल्या, माणसं पांगली, पण दुपार तशीच राहिली. अगदी साठी उलटल्यावरही.

मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली, रक्तातला आकडा खाली आला. घरोघर पेढे गेले. जो तो म्हणाला, वाचलात! वाचले खरेच. पण जरा खोकला आला तरी कपडे ओले व्हायचे, म्हणून पॅड बांधावं लागे. चार महिन्यांनी एका दुपारी त्यांनी धीर करून कौशल्याबाईंचा हात धरला. शरीराने साथ दिली नाही. थोड्या वेळाने पुन्हा, तरी नाही.

"असू द्या हो," कौशल्याबाई म्हणाल्या, इतक्या मायेनं, की आजाऱ्याला पेज भरवतात तसं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि शटर खाली आलंच नाही. डबा दुकानात येऊ लागला.

दर तीन महिन्यांनी तपासणी असे. खराडीच्या ऑफिसातून रजा काढून आमोद फाइल घेऊन यायचा. मुलगा गुणी. डॉक्टर विचारत बापाला, उत्तर देई हा, तेही इंग्रजीत. शेवटी डॉक्टर म्हणत, "काका, आणखी काही?" मुलाच्या देखत काय सांगणार? काका मान हलवत, "नाही, छान चाललंय."

या वेळी आमोदचा फोन आला. "बाबा, माझी मीटिंग आहे. पुढची डेट घेऊ?"

"नको. मी जातो एकटा."

रिक्षात त्यांनी वाक्याची तालीम केली. नेहमीच्या तरुण डॉक्टरीणबाई समोर दिसल्या आणि वाक्य पळालं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"डॉक्टर, मी दुपारी दुकान बंद करायला लागलो तर चालेल का?"

"अहो, उत्तम! विश्रांती हवीच."

उत्तरेश्वरराव उठले. दारापर्यंत गेले. पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, आणि ते तिथूनच वळले. "विश्रांतीचं नाही विचारत. बायकोजवळ जाता येत नाही. चौदा महिने झाले."

बाईंनी पुढच्या पेशंटला थांबवलं. "बसा. आधी का नाही बोललात?"

"मुलगा असायचा."

त्या हसल्या नाहीत. ऑपरेशनमध्ये नसांना दुखापत होते, म्हणाल्या. सावरायला दोन वर्षंही लागतात. गोळ्या आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे. आधी आला असतात तर बरं झालं असतं. पूर्वीसारखं होईलच, असा शब्द देत नाही. "आणि जवळ जाणं म्हणजे तेवढंच नसतं, काका. पुढच्या वेळी काकूंना आणा. मुलाला नको."

उत्तरेश्वरराव थेट घरी गेले. कौशल्याबाई चटईवर पडल्या होत्या, जाग्याच. शेजारी आडवे होऊन, भिंतीकडे बघत उत्तरेश्वररावांनी सगळं सांगितलं. ते मायेचं "असू द्या"सुद्धा.

कौशल्याबाईंनी कूस बदलली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने तुम्ही मला पुठ्ठ्यात बांधून फळीवर ठेवलंत. मला वाटलं, माझाच कंटाळा आला."

"तसं नव्हतं गं."

"मला काय माहीत? डब्यात चिठ्ठी यायची का?"

त्यांनी हात पुढे केला नाही. यांनीही नाही. चटईच्या दोन कडांवर दोघं पडून राहिले.

"येशील दवाखान्यात?"

"येईन. पण आत मी बोलणार. तुम्ही बाहेर बसायचं."

आत जाऊन ती काय सांगणार, हे विचारायची हिंमत उत्तरेश्वररावांना झाली नाही.