कृपादानची आगाऊ साक्ष

सुप्याच्या कारखान्यातला सुपरवायझर कृपादान म्हणजे भारी विश्वासाचा माणूस. लेकीच्या, एंजलच्या, मोडलेल्या पायाचं प्लास्टर निघायच्या आधीच त्यानं चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, “प्रभूनं पोरीचा पाय बरा केला.” मग ठरलेली गुलमर्गची ट्रिप रद्द करणं म्हणजे प्रभूलाच खोटं पाडणं. ‘एवढ्यात स्कीइंग नको’ म्हणणारा डॉक्टर अल्पविश्वासी ठरला.

प्लास्टर उतरलं आणि नवरा-बायको, लेक असे तिघं निघाले. बर्फावर एंजल शहाण्यासारखी स्लेजवर बसून राहिली. तिला विश्वास शिकवायला पायाला स्की बांधून उतारावर सुटला तो कृपादान.

पुढच्या रविवारी त्याचाच पाय प्लास्टरात. “कुणाला साक्ष द्यायचीय?” चर्चमध्ये पाळकांनी विचारलं. तो उठायला लागला, तशी बायको मरियानं त्याची कुबडी बाकाखाली सरकवली.