आंब्याच्या गोदामातला जॅझ

शनिवार उजाडला की माझ्या पायाला भिंगरी. दुपारचं जेवण धड घशाखाली उतरायचं नाही. मित्राची स्कूटर घ्यायची आणि रत्नागिरीचा फाटा फुटतो त्या हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबईहून येणाऱ्या गोव्याच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं. गाडीतून वाद्याची काळी बॅग घेतलेला माणूस उतरला, तर त्या संध्याकाळी रत्नागिरीत जॅझ होणार. नाही उतरला, तर लोकांना काय तोंड दाखवायचं?

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी बोटीवर नोकरी करायचो. परदेशी बंदरांतल्या दारूच्या गुत्त्यांत ते संगीत ऐकलं आणि डोक्यात बसलं. आई गेली, घरात आबा एकटे पडले, म्हणून रजा घेऊन आलो तो राहिलोच. राहिलो आपला नुसता अंगाने. जमिनीवर मला झोप लागत नव्हती. मांडवीच्या धक्क्यावर जाऊन उगीच पाण्याकडे बघत बसायचो. भेटेल तो विचारायचा, "काय, कधी निघणार?" घरी आबा तेवढं सोडून बाकी सगळं विचारायचे.

मग हे खूळ काढलं. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे वादक गावी जायचे ते याच रस्त्याने. एक-दोघांशी माझी ओळख होती. म्हटलं, वाटेत उतरा, एक संध्याकाळ मनासारखं वाजवा, आमच्याकडे सरंग्याचं जेवण जेवा, सकाळी पुढची गाडी पकडा. गिऱ्हाईक सांगेल ते वाजवून विटलेली माणसं ती, लगेच तयार झाली. एकाने दुसऱ्याला सांगितलं. मामाचं आंब्याच्या पेट्यांचं गोदाम दिवाळीपासून हंगाम लागेपर्यंत रिकामंच असायचं. तिथे सतरंज्या टाकल्या, लग्नाच्या बँडमधला एक ड्रमवाला गाठला. हे जमलं तर इथेच राहायचं, नाही जमलं तर पुन्हा बोट, असं ठरवलं होतं. एकदा चिडून ते आबांनाही बोलून दाखवलं. त्यांनी, रात्री भात टाकू का, एवढंच विचारलं.

आणि जमत काही नव्हतं. पहिल्या शनिवारी गोदाम भरलं, कारण फुकट होतं. मग माणसं गळायला लागली. एकाने तर अर्धा कार्यक्रम झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, गाणं कधी सुरू होणार?" आबांना तो प्रकार मुळीच आवडत नसे. उभा जन्म त्यांनी हौशी संगीत नाटकांत ऑर्गन वाजवलेला. "सम कुठे आहे रे मेल्या ह्यात?" म्हणायचे, आणि तरी दर शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या सतरंजीवर हजर.

त्या शनिवारी एक ट्रंपेटवाला आला होता. पन्नाशीचा, जाडा, हसरा. समोर जेमतेम चार टाळकी. मी दाराशी येरझाऱ्या घालत होतो. संपलं म्हणायचं हे, उद्या सरळ मुंबई गाठायची! त्याने एक संथ चाल घेतली, फुलवली आणि सोडली. दोन-चार टाळ्या पडल्या, तोच आबा ओरडले, "वन्स मोअर!"

नाटकवेडं गाव आमचं. एकाने वन्स मोअर दिला की दुसऱ्याला गप्प बसवत नाही. सगळेच ओरडायला लागले. ट्रंपेटवाला खूश होऊन पुन्हा वाजवू लागला, पण जॅझच्या रीतीप्रमाणे निराळंच. आबा ताडकन उठून उभे. "हे नव्हे! मघाचंच!" त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा निराळं. "मघाचंच हो!" लोकांना चेव आला. रस्त्यावरची माणसं गलका ऐकून आत शिरली. तो घामाघूम झाला, हसत होता, ओठ लाल झालेले, पण सोडीना. इतकं जीव तोडून वाजवताना मी दुसऱ्या कुणालाच ऐकलेलं नाही. मला मात्र आबांची अशी लाज वाटत होती की सांगता सोय नाही.

घरी निघालो. पाहुणा ड्रमवाल्याशी बोलत मागून येत होता. मी आबांवर एकदम उखडलो. "ह्यात तेच ते पुन्हा वाजवत नाहीत. किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"माहीत आहे मला."

"मग ओरडत कशाला होतात?"

"वन्स मोअर चालू आहे तोवर नटाला आत जाता येत नाही," आबा म्हणाले. "तो थांबला असता तर आजच सगळं आटोपलं असतं. मग तू गेला असतास."

माझा आवाज चढला. "मग मला सांगायचं होतं ना, राहा म्हणून!"

"सांगितलं असतं तर राहिला असतास?"

नसतो राहिलो. मी खाली बघून चालत राहिलो.

"पुढच्या शनिवारी कोण येतोय?" आबांनी विचारलं.

कुणालाच विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "येतोय एक जण."